का जमत नाही, ते सांगा: संगणकाच्या नकाराचा इतिहास



मघाशी बाहेर चहा घेताना एकांनी आम्हाला विचारलंच, 'सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हे संगणकाचं खूळ कुठून घेतलंत?' प्रश्न रास्त आहे. उत्तर आजच्या बोलण्यात कुठेतरी येईल. पण पेठ वडगावात उभं राहून इतिहासावर बोलायचं, तर धनाजी जाधवांच्या समाधीला मनातल्या मनात नमस्कार करून सुरुवात केलेली बरी. आज मात्र आठवण काढायची आहे ती त्यांच्यानंतरच्या एका कागदाची.

१३ एप्रिल १७३१. वारणेचा तह. एकीकडे सातारचे शाहू छत्रपती, दुसरीकडे कोल्हापूरचे संभाजी छत्रपती. घर एक, गाद्या दोन. त्या तहात वारणा ही हद्द ठरली. कोपळ कोल्हापूरकडे, त्याच्या मोबदल्यात रत्नागिरी साताऱ्याकडे, अशी देवघेव ठरली. आणि एक कलम आपल्या या गावाबद्दलचं आहे: वडगावचं ठाणं पाडून टाकावं. गावाच्या अभिमानाला हे कलम बोचतं, आम्हाला कल्पना आहे. पण जरा कागद म्हणून त्याच्याकडे बघा. कुणाचं काय, कशाच्या बदल्यात काय, आणि भांडण मिटायचं तर नेमकं काय काढून टाकायचं, हे सगळं नाव घेऊन लिहिलेलं आहे. 'दोन्ही पक्षांचं जुळत नाही' एवढंच लिहून कुणी उठून गेलं नाही.

संगणक मात्र कित्येक वर्षं एवढंच लिहून उठून जात होता. त्याला नीट नकार द्यायला कसं शिकवलं गेलं, हा आजचा विषय.

आधी आमची गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय आम्ही या फंदात पडलोच नसतो. आमच्या गुरुजींची न्यायदर्शनावरची व्याख्यानं आम्ही १९९७ साली कोल्हापुरातल्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली. दोनशे बारा पानं. पुस्तक काही निघालं नाही. पैसे कमी पडले, मग गुरुजी गेले, मग आम्ही निवृत्तीच्या कागदपत्रांत अडकलो. छापील प्रत २००५ च्या पुरात गेली. राहिली ती फाइल: फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेन ड्राइव्हवर. २०१९ च्या दिवाळीत नातीनं ती उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची खूण, कंस, असला सगळा कचरा. मराठीचा एक काना दिसेना.

काय झालं होतं? त्या काळचे मराठी फॉन्ट देवनागरीची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवत. फाइलीत साठलेली असायची ती इंग्रजी अक्षरांचीच क्रमांकवारी. तो विशिष्ट फॉन्ट असेल तरच तिला मराठी रूप यायचं. आणि प्रत्येक फॉन्टवाल्याचा नकाशा वेगळा. भारतीय भाषांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ साली झालं होतं, युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि तिच्यातली देवनागरी इस्कीच्याच पायावर उभी. विंडोज २००० पासून देवनागरी थेट संगणकात आली. पण डीटीपीच्या दुकानांत जुने फॉन्ट पुढे बरीच वर्षं चालू राहिले. थोडक्यात, गुरुजींच्या दोनशे बारा पानांची सगळी भिस्त एका फॉन्टवर होती, आणि तो फॉन्ट आता नव्हता. संगणकानं तसं सांगितलं का? नाही. त्यानं गुपचूप दुसरा फॉन्ट लावला आणि कचरा दाखवला. 'हा मजकूर अमुक फॉन्टवर अवलंबून आहे आणि तो इथे नाही' एवढं एक वाक्य पडद्यावर आलं असतं, तर आमची ती दिवाळी बरी गेली असती.

नातीनं मग जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा प्रोग्राम शोधून काढला. आता इथून खरा विषय सुरू होतो.

कुठलाही प्रोग्राम आज स्वतःच्या पायावर उभा नसतो. तो दुसऱ्यांनी लिहिलेले तुकडे वापरतो, ते तुकडे आणखी तिसऱ्यांचे वापरतात. याला डिपेंडन्सी म्हणतात. आम्ही आपले भिस्त म्हणतो. आणि प्रत्येक तुकड्याच्या आवृत्त्या असतात: १.४, २.०, २.१ अशा. भांडण कुठे होतं, ते लग्नाच्या तारखेवरून समजेल. मुलाचा मामा म्हणतो, लग्न होळीच्या आत व्हायला हवं. मुलीची परीक्षा संपते पाडव्यानंतर. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर. पण लग्नाची तारीख एकच असू शकते. आता मधला माणूस मुलीच्या वडिलांना फक्त 'जमत नाही' एवढाच निरोप देईल, तर वडील काय समजतील? पत्रिका जुळली नाही, हुंडा हवा असेल, मुलीत खोट काढली असेल. त्यानं जर सांगितलं, 'मामांची रजा होळीपर्यंतच आहे आणि परीक्षा पाडव्यापर्यंत, म्हणून जमत नाही', तर वडील लगेच म्हणतील, 'मामांना रजा वाढवता येते का विचारा.' गाडी पुढे सरकते.

आमच्या प्रोग्रामचं हेच झालं. त्याला दोन तुकडे हवे होते: एक जुनी फाइल वाचणारा, दुसरा छापण्याजोगी पानं तयार करणारा. दोघांनाही एक तिसरा तुकडा हवा होता. पहिल्याला त्याची आवृत्ती २ च्या आतली, दुसऱ्याला २ किंवा वरची. हे सगळं बसवून देणाऱ्या साधनाचं नाव पिप. पायथन भाषेत काम करणाऱ्यांच्या रोजच्या वापरातलं. पिपनं एक लाल ओळ दाखवली, की अमक्याला २ च्या आतली आवृत्ती हवी आहे पण तुमच्याकडे २.१ येईल, आणि लगेच त्याखाली लिहिलं: यशस्वीरीत्या बसवलं. शेवटी 'यशस्वी' वाचल्यावर वरची लाल ओळ कोण बघतो? प्रोग्राम चालवला आणि तो कोसळला. चाळीस-पन्नास ओळी धडाधड आल्या, शेवटच्या ओळीत आम्ही कधी न ऐकलेल्या फाइलीत न सापडलेलं कुठलंसं नाव. नात म्हणाली, 'आजोबा, नाही होत.' आम्ही विचारलं, 'का?' 'ते कळत नाही.'

आता हे असं का, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथं एक परिषद भरली होती. तिथं डग्लस मॅकिलरॉय यांनी एक स्वप्न मांडलं: कारखान्यात जसे तयार सुटे भाग यादीतून निवडून आणतात, तसे सॉफ्टवेअरचेही तयार सुटे भाग मिळावेत. स्वप्न खरं झालं. सुटे भाग इतके झाले की मोजदाद नाही. पण सुटे भाग आले की न जुळणारे भागही आले. शेतकऱ्याला हे सांगायला नको. मोठ्या ट्रॅक्टरचा नांगर छोट्याला जोडायला गेलं की पिन बसत नाही. फरक एवढाच, की पिन बसत नाही हे डोळ्यांना दिसतं.

नव्वदच्या दशकातल्या विंडोजमध्ये एक प्रोग्राम बसवला की तो सामायिक फाइलींवर आपली आवृत्ती थापून मोकळा व्हायचा. बिघडायचा दुसराच कुठला तरी प्रोग्राम, तोही कधी आठवड्यानं. आणि पाटी यायची ती त्या दुसऱ्या बिचाऱ्याच्या नावानं, की अमुक प्रवेशबिंदू तमुक फाइलीत सापडला नाही. ज्यानं गोंधळ घातला त्याचं नावही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. या प्रकाराला लोकांनी पुढे 'डीएलएल नरक' असं नाव ठेवलं, आणि ते टिकलं.

लिनक्सवाल्यांनी जरा शिस्त आणली. प्रत्येक तुकड्यानं आपल्याला काय हवं हे आधीच लिहून द्यायचं. डेबियन या वितरणात १९९९ पासून ॲप्ट नावाचं साधन मिळू लागलं. ते सगळ्यांच्या मागण्या वाचून एकत्र बसवायचा प्रयत्न करतं. फार मोठं काम. पण जमलं नाही, की ॲप्ट काय म्हणायचं? अमक्याला तमुक हवं आहे, 'पण ते बसवलं जाणार नाही'. का बसवलं जाणार नाही? ते नाही सांगायचं. आणि शेवटची ओळ अशी, की तुम्ही तुटलेली पॅकेजेस धरून ठेवली आहेत. वापरणाऱ्यानं बापड्यानं काहीच धरून ठेवलेलं नसायचं! या ॲप्टच्या निरोपांचा मराठी अनुवादही झालेला आहे, मुंबईच्या सी-डॅकमधल्या जनभारतीच्या मंडळींनी केलेला. त्या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. आपली भाषा तिथं पोचली. पण मूळ निरोपातच कारण नसेल तर अनुवादक ते आणणार कुठून? मराठीत नकार आला, कारण इंग्रजीतही नव्हतं.

निरोप कसे लिहावेत यावर कुणी बोललंच नव्हतं असं नाही. बेन श्नायडरमन यांनी १९८२ सालीच संगणकाच्या निरोपांवर एक लेख लिहिला होता. सूर दोषारोपाचा नसावा, नेमकं काय घडलं ते असावं, पुढे काय करता येईल ते असावं, असा त्यांचा आग्रह. मग सतरा-अठरा वर्षांनी ॲप्ट तसं का बोलत होतं? आळस म्हणावं तर तसं नाही, असं आमचं मत झालं आहे. त्यामागे तर्कशास्त्राची एक अडचण आहे, आणि इथे आमच्या विषयाचा हक्क सुरू होतो.

बघा, 'होतं' या उत्तराचा पुरावा सोपा आहे. बसवलेल्या आवृत्त्यांची यादी समोर ठेवली की झालं. जो तो तपासून बघेल. 'होत नाही' याचा पुरावा यादी असू शकत नाही. कारण तुम्ही शंभर जोड्या करून पाहिल्या आणि जुळल्या नाहीत म्हणजे एकशे एकावी जुळणार नाही असं थोडंच आहे? नकाराला कारणांची साखळी लागते. ही सगळी विधानं एकाच वेळी खरी असू शकतात का, हा तर तर्कशास्त्राचा जुना प्रश्न. स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये दाखवलं की हा प्रश्न एका फार अवघड वर्गाचा प्रमुख आहे; सर्व प्रसंगी झटपट सोडवणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. आणि २००६ च्या सुमारास युरोपातल्या एडॉस प्रकल्पातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की सॉफ्टवेअरचे तुकडे एकत्र बसतील का हा प्रश्न त्याच वर्गातला आहे. म्हणजे जुनी साधनं अंदाजानं चाचपडत होती. चाचपडणाऱ्याला 'का नाही' विचारलं तर तो काय सांगणार? 'आम्हाला सापडलं नाही', एवढंच.

पुढे ओपनसुसे वितरणानं २००८ मध्ये तर्कशास्त्रातली सोडवण्याची रीतच आत बसवली, आणि त्यांचं झिपर हे साधन अडचण सांगून खाली उपाय देऊ लागलं: हे काढा, किंवा ते जुनंच ठेवा, किंवा ही मागणी सोडा. वडगावचं ठाणं पाडून टाकावं, त्या धर्तीचं.

पण आम्हाला सगळ्यात भावलेलं काम २०१८ मधलं आहे. नॅटली वायझेनबॉम यांनी डार्ट भाषेसाठी पबग्रब नावाची रीत रचली. तिची युक्ती अशी: शोधताना अडलं, की नुसतं मागं फिरायचं नाही, का अडलं ते एक विधान म्हणून लिहून ठेवायचं. 'क आणि ख एकत्र नांदू शकत नाहीत.' मग अशा दोन विधानांतून तिसरं काढायचं. 'क ला ग ची जुनी आवृत्ती लागते' आणि 'ख ला ग ची नवी लागते', म्हणून 'क आणि ख एकत्र नाहीत'. ही विधानं साठत जातात, त्यामुळे तीच चूक पुन्हा होत नाही आणि शोध वेगानं होतो. आणि अखेरीस उत्तर 'नाही' असेल, तर हातात आपोआप त्याची सिद्धता तयार असते. निरोप लिहायचा म्हणजे ती सिद्धता उलगडून वाक्यांत मांडायची: 'ज्याअर्थी असं, आणि ज्याअर्थी तसं, त्याअर्थी तुमची मागणी पुरी होऊ शकत नाही.' एखादा निष्कर्ष पुन्हा लागणार असेल तर त्या ओळीला क्रमांक द्यायचा आणि पुढे त्या क्रमांकाचा हवाला द्यायचा. भूमितीच्या वहीत करायचो तसंच.

इथं आम्ही खुर्चीतून उठलो होतो, खरं सांगतो. कारण गुरुजींची ती दोनशे बारा पानं कशावर होती? निग्रहस्थानांवर. न्यायसूत्रात वादात हरण्याच्या बावीस जागा सांगितल्या आहेत. 'तू हरलास' एवढं म्हणून चालत नाही. कुठल्या जागी हरलास ते दाखवावं लागतं. आणि त्या बावीसमध्ये दोन फार चमत्कारिक आहेत. एक पर्यनुयोज्योपेक्षण: समोरचा खरोखर चुकला आहे आणि तुम्ही ते दाखवलंच नाही, तर तुम्ही हरलात. दुसरं निरनुयोज्यानुयोग: समोरच्याचा दोष नसताना त्याच्यावर दोष लावला, तरीही तुम्हीच हरलात. आता जुन्या पिपची ती लाल ओळ आणि त्याखालचं 'यशस्वी' आठवा: दोष होता, त्याची उपेक्षा केली. ॲप्टचं 'तुम्ही धरून ठेवलंय' आठवा: दोष नव्हता, आळ घेतला. अक्षपाद गौतमाच्या सभेत ही दोन्ही यंत्रं पराभूत ठरली असती.

पिप सुधारलं, हेही सांगायला हवं. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या २०.३ आवृत्तीपासून ते मागण्या जुळत नसतील तर बसवतच नाही. कोण काय मागतंय त्यांची नावं घेतं, आकड्यांसकट, आणि खाली सुचवतं की आवृत्तीची अट सैल करा किंवा काढून टाका. या कामाला मोझिला आणि चॅन झुकरबर्ग इनिशिएटिव्ह यांनी पैसा दिला होता, आणि निरोप वापरणाऱ्यांना खरंच समजतात का हे त्यांच्याशी बोलून तपासलं गेलं. हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. लिहिणाऱ्याला स्वतःचा निरोप नेहमीच स्पष्ट वाटतो. परीक्षेचे पेपर काढणाऱ्या आम्हा प्राध्यापकांना हे दुसऱ्यानं सांगायला नको.

पबग्रबलाही मर्यादा आहेत. तुकडे वाढले की साखळी लांबते. वीस ओळींचं 'ज्याअर्थी-त्याअर्थी' वाचताना कोर्टाचा निकाल वाचल्यासारखं होतं. तेव्हा लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं, की मधल्या कोणत्या पायऱ्या गाळायच्या. आमच्या मते साखळीचं एक टोक कधीच गाळू नये: वापरणाऱ्यानं स्वतः काय मागितलं होतं ते. कारण त्याच्या हातात तेवढंच असतं. मधल्या तुकड्यांना तो ओळखतही नाही. आणि महत्त्वाचं ते शेवटच्या ओळीत यावं, पडदा सरकून वर गेलेलं कुणी बघत नाही. हां, कोणी माघार घ्यायची, मामानं की परीक्षेनं, हे यंत्रानं ठरवू नये. ते घरच्यांचं काम.

तर, आमची फाइल. नात आता पुण्यात नोकरीला आहे. २०२४ च्या दिवाळीत ती आली तेव्हा तिनं पिपऐवजी यूव्ही नावाचं नवं साधन वापरलं. त्याच्या पोटात पबग्रबचीच रीत आहे. नकार पुन्हा आलाच. पण या वेळी चार ओळींत. तिनं मोठ्यानं वाचून मराठी करून सांगितलं: 'फाइल वाचणाऱ्याला तिसरा तुकडा २ च्या आतला लागतो, पानं छापणाऱ्याला २ च्या वरचा, आणि तुम्ही दोघांनाही मागितलंय, म्हणून होणार नाही.' आम्ही म्हणालो, 'छापणारा हवाय कशाला? आपल्याला तर नुसता मजकूर हवाय.' तिनं आमच्याकडे बघितलं, ती मागणी खोडली, प्रोग्राममधल्या छपाईच्या दोन ओळीही बंद केल्या. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील. गुरुजींचं पहिलं वाक्य सत्तावीस वर्षांनी पडद्यावर आलं.

पूर्ण शुद्ध नाही आलं. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षराच्या नंतर टाइप करायचे, आणि हा प्रोग्राम तो काही ठिकाणी एक घर पुढे नेऊन ठेवतो. त्यामुळे पर्यनुयोज्योपेक्षण हा शब्द सगळीकडे पयर्नुयोज्योपेक्षण असा उमटला आहे. नात म्हणते एका आज्ञेत सगळे दुरुस्त होतील. होतील, पण त्या निमित्तानं प्रत्येक पान वाचून होतं, म्हणून आम्ही हातानंच करतो आहोत. सध्या एकशे चाळिसाव्या पानावर आहोत.